सगळे ‘पित्त’ म्हणत राहिले : रात्रपाळीतला अनुभव आणि थोडे प्रश्न

रात्रपाळी (सोमवार, संध्याकाळी ५:४०)

लातूर. खाजगी दवाखाना. नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका. मी स्टाफ नर्स, नोकरीचं अकरावं वर्ष.

गेल्या मंगळवारची रात्र. संध्याकाळपासून कंबर धरली होती, म्हणून डबा खायच्या आधी आयबुप्रोफेनची एक गोळी घेतली. सव्वाला डबा उघडला. दोन चपात्या, मेथीची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. १:५५ ला खालून फोन आला, कॅज्युअल्टीत माणूस कमी आहे, या. रात्री लिफ्टवाला नसतो. तीन मजले पळत उतरले, पेशंटला स्ट्रेचरवर घेतलं, ढकलत एक्स-रेपर्यंत नेलं, परत जिना चढून वर.

वर येईपर्यंत तळहात खाजायला लागले. मग डोक्याची कातडी, मग कानाच्या पाळ्या. बाही वर केली तर दंडावर गांध्या. पोटात असा पिळा आला की वाटलं शौचाला होणार. बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. ही कडी मला अजून स्वप्नात दिसते. आत भिंतीला टेकून उभी होते आणि एकच वाटत होतं की आता आपलं काही खरं नाही. असं का वाटतंय ते कळत नव्हतं, पण खात्री होती.

वॉर्डातल्या मावशींनी दार वाजवलं म्हणून मी आज लिहितेय. कडी कशी काढली आठवत नाही. मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, “अगं बाई, पित्त उठलंय सिस्टरला.” जोडीदार सिस्टरने ड्युटी डॉक्टरांना फोन लावला, “सर, आमच्या सिस्टरला पित्त झालंय, उलटीसारखं होतंय.” पलीकडून ऑर्डर आली, पॅन्टॉप द्या, एव्हिल द्या, हायड्रोकॉर्ट द्या, झोपू द्या. (पॅन्टॉप ॲसिडिटीचं, एव्हिल खाजेचं, हायड्रोकॉर्ट म्हणजे स्टेरॉइड.) दिलं. मग खाली नेण्यासाठी मला व्हीलचेअरवर बसवलं, आणि बसवताक्षणी डोळ्यांसमोर अंधार.

पुढचं ऐकीव. बीपी ७० ला आलं होतं. आयसीयूतला ब्रदर कशाला तरी वर आला होता. त्याने खुर्चीतून उचलून जमिनीवर आडवी केली, पाय स्टुलावर ठेवले, इमर्जन्सी औषधांच्या ट्रॉलीतून अॅड्रिनलिन काढून मांडीत ठोकलं. ट्रॉलीला कुलूप होतं, किल्ली इन्चार्जच्या पर्समध्ये आणि इन्चार्ज घरी. त्याने पत्रा वाकवून ड्रॉवर ओढला. मावशींनी दार वाजवल्यापासून इंजेक्शनपर्यंत वीस मिनिटं. पाच मिनिटांनी दुसरा डोस. मग मी डोळे उघडले. हात लटलट कापत होते, छातीत धडधड, पण जिवंत.

केसपेपर काढला नाही, “आपल्याच माणसाचा कशाला” म्हणून. सकाळी सात वाजता ‘हँडओव्हर देऊन’ नवऱ्याच्या मागे गाडीवर बसून घरी.

प्रश्न : १) हे कशामुळे झालं? मेथी, शेंगदाणा, मी हे सगळं आयुष्यभर खातेय. २) पुन्हा झालं तर काय करायचं? ३) तुमच्यापैकी दवाखान्यात काम करणाऱ्या कुणाला असं झालंय का? हाताखाली सगळी औषधं असून माझ्यासाठी ती निघाली नाहीत, हे डोक्यातून जात नाही.

---

मांजराकाठ (सोमवार, ६:१५)

ताई, लई वंगाळ झालं बगा. वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतेत, कांबळं पांघरून झोपवतेत. माझ्या आईला दर पावसाळ्यात होतंय, आमसुलानं जातंय. तुम्ही दवाखान्यात असून कामून एवढं झालं?

---

स्पष्टच (सोमवार, ६:५०)

आमच्या पिढीत कुणाला कसल्या अॅलर्ज्या नव्हत्या. शेंगदाणे खाऊनच मोठे झालो. धागाकर्तीने स्वतःच लिहिलंय, आयुष्यभर खातेय. मग अॅलर्जी कुठून? रात्रीचं जागरण, उपाशी पोट, वर पेनकिलर. ॲसिडिटीच असणार. ड्युटी डॉक्टरांनी काही चूक केलेली दिसत नाही.

---

भूलवाला (सोमवार, रात्री ९:३०)

नांदेडचा भूलतज्ज्ञ. ऑपरेशन टेबलावर हा प्रकार आम्हाला अधूनमधून बघावा लागतो, म्हणून जरा सविस्तर.

स्पष्टच, कातडी, पोट आणि रक्तदाब अशा तीन ठिकाणी काही मिनिटांत एकदम गडबड झाली तर ती ॲसिडिटी नसते. त्याला अॅनाफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे अंगभर उसळणारी जीवघेणी अॅलर्जी. ‘आता आपलं काही खरं नाही’ ही भावनासुद्धा त्याच्या लक्षणांत मोजली जाते, पुस्तकात लिहिलेली आहे.

घोळ शब्दाचा आहे. मराठीत पित्त म्हणजे आंबट ढेकर, पित्त म्हणजे उलटी, पित्त म्हणजे डोकं दुखणं आणि पित्त म्हणजे अंगावरच्या गांध्यासुद्धा. फोनवरच्या डॉक्टरने ‘पित्त’ आणि ‘उलटी’ ऐकलं आणि पॅन्टॉप सांगितलं. तो झोपेत असेल, त्याची बाजू मी घेत नाही. पण त्याच फोनवर “अंगावर गांध्या, पोटात पिळा, बीपी ७०” एवढं गेलं असतं तर तोच डॉक्टर पळत आला असता. मांजराकाठ, तुमच्या आईला नुसत्या गांध्या उठतात, बाकी काही होत नाही, तर आमसूल लावा, माझी हरकत नाही. गांध्यांबरोबर आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली किंवा पोट पिळवटलं तर आमसूल ठेवा बाजूला. आणि दहातल्या एक-दोघांना तर कातडीवर काहीच दिसत नाही, थेट बीपी जातं.

आता औषधाचं. एव्हिलने खाज जाते आणि झोप येते. सुजलेला घसा त्याने उघडत नाही, पडलेलं बीपी उठत नाही. हायड्रोकॉर्टचा परिणाम सुरू व्हायलाच काही तास लागतात. ही जोडी आपल्याकडे इतकी मुरलीय की डॉक्टर असो की कंपाउंडर, हात आधी तिकडेच जातो. पहिलं औषध एकच, अॅड्रिनलिन. मोठ्या माणसाला १ मि.ग्रॅ.च्या अँप्यूलमधलं (काचेच्या कुपीतलं) अर्धं, म्हणजे ०.५ मि.ली., मांडीच्या बाहेरच्या अंगाला मधोमध, स्नायूत. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. शिरेतून देण्याच्या भानगडीत आमच्यासारख्यांशिवाय कुणी पडू नये. दंडात नको, कातडीखाली नको, मांडीतून ते लवकर चढतं.

ब्रिटनमध्ये अॅनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली छापून आला. त्यात अन्नामुळे दगावलेल्यांचं हृदय थांबेपर्यंतचा मधला काळ साधारण ३० मिनिटं होता. सिस्टर, तुमची वीस गेली होती.

आणि ती व्हीलचेअर. त्यावर मला वेगळा धागा काढावासा वाटतो. या अवस्थेत रक्त पायांत साठतं, हृदयाकडे परतत नाही. आडव्या माणसाला एकदम उठवून बसवलं तर हृदय रिकामंच धडधडतं आणि थांबू शकतं. आडवं ठेवायचं, पाय वर. धाप असेल तर पाठीला थोडा उतार द्या, पाय मात्र लांबच. उलटी होत असेल किंवा बाई गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. चालवत न्यायचं नाही. त्या ब्रदरला माझा सलाम सांगा.

सकाळी सातला गाडीवरून घरी गेलात हेही चुकलंच. पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी, काही न खाता, दुसरा येऊ शकतो. तुम्हाला दोन डोस लागले होते, म्हणजे निदान ती सकाळ तरी मॉनिटरवर काढायला हवी होती.

कशामुळे झालं हे सांगण्याआधी विचारतो. त्या रात्रीनंतर मेथी, शेंगदाणा पुन्हा खाल्लं का? असं थोडंफार आधी कधी झालंय का? आणि घरी भाकरी की चपाती?

---

लॅबवाला_परभणी (सोमवार, रात्री १०:०५)

माहितीपूर्ण प्रतिसाद. त्या रात्री रक्त काढून ठेवलं असतं तर ट्रिप्टेज (अशा झटक्यात रक्तात वाढणारं प्रथिन) बघता आलं असतं. पहिल्या एक-दोन तासांत काढलं तर उत्तम, चार-सहा तासांनंतर फारसा उपयोग नाही. पण केसपेपरच नाही तर सॅम्पल कुणाच्या नावाने पाठवणार.

थोडं अवांतर, स्पष्टच यांच्यासाठी. ‘आयुष्यभर खातोय’ हा मुद्दा १९०२ सालीच निकालात निघालाय. शार्ल रिशे आणि पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रफुलाचं (सी अॅनिमोन या सागरी प्राण्याचं) विष कुत्र्यांना थोडंथोडं टोचून त्यांची सहनशक्ती वाढते का बघत होते. पहिल्या डोसला ठणठणीत राहिलेला कुत्रा काही आठवड्यांनी तेवढ्याच क्षुल्लक डोसने मिनिटांत गेला. संरक्षण वाढायच्या ऐवजी उलटंच झालं, म्हणून त्यांनी नाव दिलं अॅनाफिलॅक्सिस. रिशेंना १९१३ चं नोबेल त्यावरच मिळालं. शरीराला आधी ओळख व्हावी लागते, मग ते बिथरतं. पहिल्याच घासाला सहसा होत नाही.

---

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ११:२०)

@भूलवाला, डॉक्टर, धन्यवाद. उत्तरं :

शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या दिवसापासून रोज चालूय, त्याशिवाय घास उतरत नाही. काही झालं नाही. मेथीही परवा खाल्ली.

आधी झालंय. गेल्या मे महिन्यात ड्युटीवर जेवून एस.टी. पकडायला पळाले, बसमध्ये चढल्यावर अंगभर गांध्या. उन्हाने झालं समजून सोडून दिलं. आणि भावाच्या लग्नात, पंगतीत पुऱ्या खाल्ल्या, वरातीत नाचले, तोंड सुजलं. तेव्हा सगळे म्हणाले हॉलमधलं तेल खराब असेल. वॉर्डात तर चेष्टा चालते, “हिला कामाची अॅलर्जी आहे, घरी कधी काही होत नाही.”

घरी भाकरी. सासूबाईंच्या हाताची ज्वारीची, दोन्ही वेळा. डब्यात चपाती, कारण भाकरी रात्री एकपर्यंत वाळून पापड होते.

---

भूलवाला (मंगळवार, दुपारी २:४५)

माझा संशय सांगतो, खात्री तपासणीनेच होईल. गहू.

रोज चपाती खाऊन काही होत नाही असं तुम्ही म्हणणार. बरोबर आहे. या प्रकारात नुसता गहू खाल्ला तर काही होत नाही. नुसतं पळलं तरी काही होत नाही. गहू खाऊन चार तासांच्या आत अंगमेहनत झाली की होतं. आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या आगीत तेल ओततात, कारण त्यांनी आतड्याची भिंत जरा सैल होते आणि गव्हातलं प्रथिन न पचता जास्त रक्तात जातं. जागरणानेही भर पडते. दोषी प्रथिनाचं नाव ओमेगा-५ ग्लायडिन. ज्वारीत ते नाही, बाजरीत नाही, तांदळात नाही.

आता तुमचा हिशोब मांडा. चपाती आणि एस.टी.मागे धावणं. पुरी आणि वरात. चपाती, पेनकिलर, तीन मजले आणि स्ट्रेचर. घरी भाकरी आणि काही नाही. ‘कामाची अॅलर्जी’ म्हणणाऱ्यांनी चेष्टेत निम्मं निदान केलं होतं.

रक्तात ओमेगा-५ ग्लायडिनविरुद्धचं आयजीई (अॅलर्जीतलं प्रतिपिंड) बघायचं. लातुरात सॅम्पल घेऊन बाहेर पाठवतील. अॅलर्जीचं काम करणारा डॉक्टर पुण्यात किंवा हैदराबादेत गाठा. तोवर ड्युटीच्या दिवशी गहू बंद. मैदा, रवा, शेवया, पाव आणि चहासोबतचं बिस्किटसुद्धा गहूच, हे रात्रपाळीवाल्यांना मुद्दाम सांगावं लागतं. पेनकिलर स्वतःच्या मनाने नको.

---

अर्धापूरची_केळी (मंगळवार, सायंकाळी ७:००)

हा धागा वाचून माझं जुनं कोडं परत डोक्यात आलं. ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन, चौदा वर्षं. ग्लोव्ह्ज ओढताना फट् करून पावडर उडते ना, तेव्हा शिंका यायच्या, हाताला खाज. ते आमच्यात सगळ्यांनाच थोडंफार. पण दोन वर्षांपूर्वी आषाढीला उपवास, गावाकडचं केळं खाल्लं. आमच्या अर्धापूरचं केळं, लहानपणापासून घडाने खाल्लंय. तोंडात चुरचुर, ओठ वडापावएवढा सुजला, घशात काहीतरी अडकल्यासारखं. घरचे म्हणाले केळी पिकवायला औषध मारलं असेल. त्यानंतर पपईनेही झालं. केळं आणि ग्लोव्ह्जचा काही संबंध असू शकतो का? हसू नका.

---

भूलवाला (मंगळवार, रात्री ९:१०)

कोण हसणार? संबंध आहे, आणि तो आपल्याच धंद्यातला रोग आहे. ग्लोव्ह्ज म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, लॅटेक्स. त्या चिकातली काही प्रथिनं केळी, किवी, अॅव्होकॅडो, पपई यांतल्या प्रथिनांसारखी दिसतात. चिकाविरुद्ध शरीर चिडलं की त्या फळांनाही तेच समजतं. लॅटेक्सची अॅलर्जी असलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत लोकांना कुठल्या ना कुठल्या फळाचा त्रास होतो. पावडर याच्या मुळाशी आहे. प्रथिन पावडरीला चिकटतं, हवेत उडतं आणि नाकातोंडात जातं. अमेरिकेने म्हणूनच जानेवारी २०१७ पासून पावडरवाल्या ग्लोव्ह्जवर बंदी घातली. आपल्याकडे खरेदीच्या यादीत त्या अजून सर्रास असतात, कारण जोडीमागे काही पैसे वाचतात.

तुम्ही नायट्राइलच्या, म्हणजे हा चीक नसलेल्या, ग्लोव्ह्ज मागा. आणि एक, स्वतःचं कधी ऑपरेशन, बाळंतपण, दाताचं काम निघालं तर लॅटेक्सचं आधी सांगा. पोट उघडं असताना सर्जनच्या हातातल्या ग्लोव्हने हेच होऊ शकतं.

(नुसती हाताची कातडी सोलणं, भेगा पडणं हा बहुतेक वेळा रबरातल्या रसायनांचा वेगळा, दोन दिवसांनी दिसणारा प्रकार असतो. त्याने जीव जात नाही. दोन्हींची गल्लत करू नका.)

---

जुनी_मेट्रन (बुधवार, सकाळी ९:००)

अंबाजोगाईहून. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. नातवाने टाइप करून दिलंय.

आमच्या वेळी ग्लोव्ह्ज फेकत नसत. वापरून झाल्या की धुवायच्या, पाण्यात फुगवून भोक आहे का बघायचं, दोरीवर वाळत घालायच्या. वाळल्या की आत-बाहेर पावडर मारून जोड्या लावायच्या, ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला, वाफेवर निर्जंतुक करायला. दुपारी दोन सिस्टर या कामाला बसल्या की खोलीत धुकं पडल्यासारखं व्हायचं, पापण्या पांढऱ्या. आमच्यातल्या दोघींना दमा लागला. कुणी कशाशी जोडलं नाही.

अजून एक सांगते, डॉक्टर हसले तर हसू देत. वॉर्डात रोज संध्याकाळी ईसबगोल वाटायचं काम असायचं. डब्यातून चमच्याने काढायचं, पेल्यात टाकायचं, भूस नाकात. माझ्या एका मैत्रिणीला डबा उघडला की सटासट शिंका. पुढे निवृत्तीनंतर पोट साफ होत नाही म्हणून सुनेने दुधातून ईसबगोल दिलं. अर्ध्या पेल्यात घसा आवळला, अंग लाल. त्याच गावात दवाखाना होता म्हणून वाचली. तिला वाटलं दूध नासकं होतं. वर्षभर सुनेशी अबोला.

---

भूलवाला (बुधवार, सकाळी ११:३०)

मॅडम, नमस्कार. हसण्याचा प्रश्नच नाही, हे अगदी पुस्तकातलं उदाहरण आहे. ईसबगोलचं भूस वाटणाऱ्या नर्सेसना श्वासातून त्याची अॅलर्जी बसते आणि पुढे पोटात गेलं की अॅनाफिलॅक्सिस होतो. अमेरिकेत अशा नर्सेसना ईसबगोल घातलेलं नाश्त्याचं सीरियल खाऊन झालं होतं, तेव्हा हे उजेडात आलं. मैत्रिणीला आता तरी सुनेशी बोलायला सांगा.

---

दवाखाना_कँटीन (बुधवार, दुपारी १२:२०)

संभाजीनगरात एका मोठ्या दवाखान्याची कँटीन चालवतो. आमची बाजू मांडतो. मागच्या वर्षी बाहेरच्या राज्यातली एक शिकाऊ डॉक्टर यायची. तिला शेंगदाण्याची अॅलर्जी. पहिल्या दिवशी तिने पोराला विचारलं, “इस में शेंगदाना है?” पोरगा म्हणाला नाही. भरल्या वांग्यात मूठभर कूट होतं. पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याच्या लेखी शेंगदाणा म्हणजे अख्खा दाणा, कूट म्हणजे कूट. नशिबाने तिला वास आला आणि तिने ताट बाजूला सारलं.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात उभा राहून मोजलं. कूट कशाकशात आहे? वांग्यात, कोशिंबिरीत, साबुदाण्यात, अंबाडीच्या भाजीत, ठेच्यात. मराठवाड्यात कूट न घालता करायचं काय हाच प्रश्न. आता पाटीवर पदार्थापुढे ‘कूट’ आणि ‘तीळ’ असं लिहितो. पाकिटबंद मालावर शेंगदाणा, दूध, अंडी, गहू, सोया वगैरे छापायची सक्ती आहे, पण तिळाचा त्या सरकारी यादीत समावेश नाही. आणि आमच्यासारख्या एकट्या कँटीनला पाटीची सक्तीही नाही. आपल्याच मनाने केलं.

रात्रपाळी ताई, तुमच्यासाठी एक. बांधानी हिंगात मैदा असतो. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

---

कंत्राटी (बुधवार, रात्री ११:५०)

बीड. सगळे डॉक्टर लोक सांगतेत लिहून द्या, सांगा, मागा. आमची नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची. फिटनेसच्या कागदावर अॅलर्जी लिहिली की पुढची ऑर्डर निघत नाही. आमच्यातल्या एकाला अंड्याने त्रास होतो, तो खिशात एव्हिलची पट्टी ठेवतो आणि गप राहतो. नायट्राइलच्या ग्लोव्ह्ज मागितल्या तर स्टोअरवाला म्हणतो घरून आणा. रात्रपाळी ताईंनी केसपेपर काढला नाही म्हणून सगळे हळहळलेत. काढला असता तर बिल कुणी भरलं असतं?

---

रात्रपाळी (गुरुवार, सकाळी ८:१०)

@कंत्राटी, दादा, तुमचं खोटं नाही. मी पण त्या रात्री बाथरूममध्येच का गेले, चार पावलांवर नर्सिंग स्टेशन असताना? पेशंटसमोर, नातेवाईकांसमोर तमाशा नको. उद्या मॅडम म्हणतील हिला झेपत नाही. अकरा वर्षं हेच शिकलो, आजारी पडायचं ते सुट्टीच्या दिवशी.

एवढंच म्हणेन, साहेबांना सांगू नका हवं तर. जोडीदाराला सांगा. त्या एकाला कशाने होतं आणि झालं तर काय टोचायचं, हे रात्रीच्या जोडीदाराला माहीत पाहिजे. आणि त्या वेळी एकट्याने बाथरूममध्ये जायचं नाही.

---

स्पष्टच (गुरुवार, दुपारी १:००)

बरं. ॲसिडिटीचं मागे घेतो. पण दर नवरात्रात आपल्याकडे भगर खाऊन लोक दवाखान्यात भरती होतात, तीही अॅलर्जीच म्हणायची का आता?

---

लॅबवाला_परभणी (गुरुवार, दुपारी १:२५)

नाही. ती विषबाधा. बुरशी लागलेली किंवा जुनी भगर असेल तर त्या पातेल्यातलं जो खाईल त्याला होतं, कमी-जास्त. अॅलर्जी पंगतीतल्या एकालाच होते आणि बाकीचे त्याला नाटकी म्हणतात.

---

रात्रपाळी (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय.

हैदराबादला जाऊन आले. ओमेगा-५ ग्लायडिन पॉझिटिव्ह. भूलवाला डॉक्टर, पेढे पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. गहू ड्युटीच्या दिवशी पूर्ण बंद. घरी खाल्लाच तर पुढचे पाच-सहा तास बसून राहायचं असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. मी बंदच केलाय, घरात दोन लेकरं आहेत, बसून कोण राहणार. डब्याचा प्रश्न असा सुटला की सासूबाई भाकरीच्या पिठात थोडं गरम पाणी जास्त घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून देतात. रात्री एकला मऊ नसते, पण तुटते.

परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं म्हणे. इथल्या औषधाच्या दुकानांत ते सहजासहजी मिळत नाही. मला अँप्यूल, दोन मि.ली.ची सिरिंज आणि एक इंची सुई अशी दोन किट्स करून दिलीत. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई आखूड पडते, स्नायूपर्यंत पोचत नाही, हे मुद्दाम सांगितलं. अँप्यूल उजेडात, उन्हात ठेवायची नाही. गुलाबी किंवा तपकिरी झाली तर फेकायची. मी पहिल्या दिवशी गाडीच्या डिकीत ठेवली होती! लातूरच्या उन्हात तिथे अंडं उकडेल. आता चष्म्याच्या जुन्या डबीत, पर्समध्ये. नवऱ्याला संत्र्यावर पाणी टोचायला लावून शिकवलं. पहिल्यांदा त्याचाच हात माझ्यापेक्षा जास्त कापत होता.

दवाखान्यात सांगितलं. मॅनेजमेंटची तोंडं वाकडी झाली, पण मेट्रन मॅडम उभ्या राहिल्या. ट्रॉलीचं कुलूप काढलं. त्याऐवजी प्लॅस्टिकचं तोडायचं सील लावलंय, तुटलेलं दिसलं की मोजायचं. अॅड्रिनलिन वरच्या ड्रॉवरमध्ये डावीकडे, वर मार्करने लिहिलंय. ते अक्षर माझं. वाकलेला पत्रा तसाच आहे, दुरुस्त करायला कुणी येत नाही. केसपेपरचं मात्र “बघू” वर अडलंय. फोनवर पित्त म्हणायचं नाही, काय दिसतंय आणि बीपी किती ते सांगायचं, हे आता आमच्या मावशी नव्या पोरींना शिकवतात.

---

अर्धापूरची_केळी (त्याच रात्री)

अभिनंदन ताई. माझ्या नायट्राइलच्या ग्लोव्ह्ज अजून स्वखर्चाने. शिंका पन्नास टक्के कमी. केळ्याला हात लावत नाही. अर्धापुरात राहून हे सांगताना जीव तुटतो.

---

मांजराकाठ (दुसऱ्या दिवशी)

ताई, येळवस आलीय जवळ, शेतात जेवायचा आपला सण. आमच्या शेतात या सगळ्यांना घेऊन. बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील, तुमाला सगळं चालतंय बगा, गहू फक्त खिरीत. खीर लांब ठेवतो. आणि तुमाला आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन बांधावरनं चालायला लावत नाव. कडब्याच्या कोपीत नुसतं बसून खायचं.

---

रात्रपाळी (दुसऱ्या दिवशी, रात्री)

येते दादा. सोबत तो आयसीयूतला ब्रदर आणते, ज्याने पत्रा वाकवला तो. विदर्भातला आहे, येळवस काय असते त्याला ठाऊक नाही. आंबील त्याला आंबट लागेल, आधीच सांगून ठेवलंय.